भरतीची रेघ: शंख-शिंपले आणि किनाऱ्यावर सापडलेल्या वस्तूंतून पहिलं चित्र

समुद्रावर जाऊन आलेल्या बहुतेक घरांत एक पिशवी सापडते. तळाशी मूठभर वाळू, वर शिंपले, दोन-तीन शंख, एखादा गुळगुळीत खडा. वेचताना सोडवत नव्हतं असं ते सगळं घरी आल्यावर कपाटावर चढतं आणि तिथेच राहतं. आमची गुहागरची पिशवी सहा वर्षं माळ्यावर होती. मुलीने एके दिवशी ती जमिनीवर ओतली आणि विचारलं, "आई, यातलं कुठलं तू कुठे उचललंस?" मला एकाही शिंपल्याची जागा सांगता आली नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी जी चित्रं करते त्यांची पद्धत इथे सांगते आहे. रंग, वाळू, शिंपले, लाकूड, दोर असं सगळं एकाच फळीवर आणून केलेलं चित्र, म्हणजे मिश्र माध्यम. त्यासाठी रेखाटन यावं लागत नाही. मी एक नियम मात्र कसोशीने पाळते: एक चित्र, एक किनारा, एक फेरी. देवळांबाहेरच्या दुकानांत शिंपल्यांची बदकं आणि आरशाच्या चौकटी मिळतात. त्यांत हात सफाईदार असतो, पण ते शिंपले कुठल्या समुद्राचे हे कळत नाही. आपल्या चित्राकडे पाहून आपल्याला तो किनारा, ती सकाळ आठवली पाहिजे.

कधी जायचं

भरती ओसरताना पाणी वाळूवर एक रेघ सोडून जातं. आपल्याला लागणारं सगळं त्या रेघेत असतं. म्हणून आधी भरती-ओहोटीची वेळ काढायची. कोकणात तिचा एक सोपा हिशेब आहे: पंधरवड्यातल्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या आसपास भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी-नंतर, सव्वाआठच्या सुमाराला, ओहोटी. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत मागेही जातं. त्या दिवसांत भरती मध्यान्हीच्या सुमाराला आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. माझ्या मते पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन सकाळी वेचायला सर्वांत चांगल्या: मोठी रेघ, कोवळं ऊन, आणि वाळूवर फारशी पावलं उमटलेली नसतात. ओहोटी पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी पोचा.

पावसाळ्यात समुद्र खूप काही बाहेर टाकतो, पण तेव्हा पाण्याजवळ जाणं जिवावर बेतू शकतं. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबा. पावसाळ्याच्या दिवसांत निळसर फुगा आणि लांब धाग्यांचे ब्लू बॉटल नावाचे समुद्री जीव किनाऱ्याला लागतात. मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डंख करतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

रेघ वाचायला शिका

पोचल्या पोचल्या खाली वाकू नका. पाच मिनिटं नुसतं बघा. समुद्राने सामान वजनाप्रमाणे लावलेलं असतं. सर्वांत वर, वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या जवळ, हलका माल: सुरूची बोंडं, झावळ्यांचे तुकडे, नारळाची सोडणं, थर्माकोल, एकेकटी चप्पल. त्याखाली समुद्रफेस (माकुलासारख्या प्राण्याच्या पाठीतलं पांढरं, हलकं, लांबट हाड), पातळ शिंपल्या, जाळ्याचे तुकडे. आणखी खाली, ओल्या वाळूत, जड शंख आणि खडे. रेघ कधी सरळ नसते. ती एकामागे एक कमानी काढत जाते, आणि कमानीच्या टोकांना सामान जास्त साचतं.

आता उभ्याने, मोबाइल सरळ खाली धरून, त्या रेघेचे आठ-दहा फोटो काढा. चित्राची मांडणी यातूनच येणार आहे. कुठे गर्दी, कुठे मोकळी वाळू, कुठली वस्तू कुठल्या वस्तूला टेकली आहे, हे समुद्राने आपल्यासाठी ठरवून ठेवलेलं असतं. नवशिक्या माणसाची सर्वांत मोठी अडचण असते "कुठे काय लावू?" या फोटोंनी ती बरीचशी सुटते.

काय उचलायचं, काय नाही

शंख उचलला की तो तळहातावर उताणा ठेवा आणि मिनिटभर थांबा. आत खेकडा असेल तर पाय दिसतील. रिकाम्या शंखात घर करणारे हे खेकडे वाढतात तसे मोठा शंख शोधतात, म्हणून घर करता येईल असे मोठे, अखंड शंख मी सहसा जागेवरच ठेवते. निमुळत्या, शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घेऊच नका. या जातीची गोगलगाय विषारी काटा मारते.

कायद्याचंही सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळ, समुद्रघोडा आणि काही शंख-शिंपल्यांना संरक्षण आहे. पोवळ्याचा तुकडा कितीही सुंदर दिसला, तरी उचलू नका आणि दुकानातूनही घेऊ नका. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे चपटे, अभ्रकासारखे अर्धपारदर्शक शिंपले लावलेले दिसतात, तेही संरक्षित जातीचे. सापडले तर बघा, फोटो काढा, तिथेच ठेवा. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांचा विणीचा हंगाम असतो. तिथे वरच्या कोरड्या वाळूत उकरू नका.

मग उरतं काय? भरपूर उरतं. साध्या शिंपल्या, कालवांची खडबडीत कवचं, लाटांनी घासून धुरकट झालेल्या बाटलीच्या काचा, दोराचे निळे-हिरवे धागे, जाळ्याचे जुने तरंगते बोये, सागरगोटे, उंडीची फळं. आणि फुटके शंख. फुटका शंख मला अखंड शंखापेक्षा जास्त आवडतो. त्याच्या आतला जिना दिसतो, कडा लाटांनी मऊ झालेल्या असतात आणि फळीवर तो सपाट बसतो. समुद्रफेसही आवर्जून घ्या. नखानेसुद्धा त्यावर रेघ उमटते. पॉलिश पेपरने घासून त्याची होडी होते, पक्षी होतो, चंद्रकोर होते.

प्लास्टिकही थोडं घ्या. बाटलीची झाकणं, चपलेचा तुकडा. आजच्या किनाऱ्याचं खरं चित्र करायचं तर ते वगळून चालणार नाही, आणि तेवढा कचरा कमी होतो. सुई, सिरिंज, औषधाची बाटली यांना मात्र हात लावू नका. गंजलेल्या लोखंडासाठी जाड हातमोजे हवेत.

किती घ्यायचं याला माप हवं. माझं माप दोन करवंट्या. १२ × १८ इंचांच्या फळीला साठ-सत्तर लहान वस्तू पुरतात. वाळू एक वाटी.

समुद्र लांब असेल तर? तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, सुकं झालं की उरलेली कवचं फेकू नका. ती शिजलेली असतात, त्यामुळे सफाईचं निम्मं काम झालेलं असतं, आणि प्रत्येकीवरची नक्षी वेगळी. शिनाण्यांची, म्हणजे खायच्या लांबट शिंपल्यांची, कवचं बाहेरून काळपट आणि आतून निळसर-जांभळी झळाळतात. पुण्या-नागपूरच्या बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांवरही उत्तम चित्र होतं. तेव्हा एक फेरी म्हणजे एक जेवण समजायचं.

सफाई: इथे घाई केली की चित्र जातं

माझं पहिलं चित्र जूनमध्ये बिघडलं. हवेत ओल आली तशी वाळू चिकट झाली, शिंपल्यांभोवती पांढरी साय धरली आणि एका शंखातून वास सुटला. तीन दिवसांत मुंग्या आल्या. वाळूतलं मीठ मी धुतलं नव्हतं आणि शंखाच्या पोटात वाळलेलं मांस राहून गेलं होतं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे गोंद सुटतो. तेव्हापासून सफाईला मी पूर्ण आठवडा देते.

शंख-शिंपले गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. पाणी रोज बदलायचं, निदान चार दिवस. मग जुन्या टूथब्रशने घासायचे. शंखातून वास येत असेल तर तो गार पाण्यात ठेवून पातेलं हळूहळू तापवा, पाच-सात मिनिटं उकळू द्या आणि त्याच पाण्यात निवू द्या. गार शंख उकळत्या पाण्यात टाकला तर तडकतो. आतला अंश चिमट्याने काढा. पांढऱ्या, खडबडीत शिंपल्यांवरचं शेवाळ जात नसेल तर एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, अर्धा तास, आणि मग खूप धुणं. कवड्यांसारख्या चकचकीत कवचांना ब्लीच लावू नका. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांपैकी काहीही वापरू नका. शिंपला म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच. आंबटाने तो विरघळतो आणि वरची चमक कायमची जाते. शिवाय ब्लीच आणि आंबट एकत्र आले की विषारी वायू होतो.

सावलीत वाळवा, कारण कडक उन्हात रंग उडतात. वाळल्यावर ते फिके दिसतील. ओल्या शिंपल्याचा रंग परत आणायचा मार्ग पुढे आहे, तोवर तेल चोळायचा मोह आवरा. तेलावर गोंद बसत नाही.

वाळू पाच-सहा पाण्यांतून धुवा, कडक उन्हात वाळवा आणि रव्याच्या चाळणीने चाळा. वरचं जाड आणि खालचं बारीक वेगळं ठेवा, दोन्ही लागतं. किनाऱ्यागणिक वाळू बदलते. रत्नागिरीत तर एकाच गावाला काळा समुद्र आणि पांढरा समुद्र आहे. काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजं असतात, आणि तिचा पट्टा चित्रात काजळासारखा उठून दिसतो.

लाकूड दोन-तीन दिवस पाण्यात मुरवून मीठ काढा, मग आठ-दहा दिवस ऊन द्या. आत कीड असेल तर खाली भुसा पडलेला दिसेल. तो तुकडा घेऊ नका. दोर आणि जाळी साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. समुद्रफेसालाही दोन दिवस पाण्यात ठेवून उन्हं द्या.

फळी आणि पार्श्वभूमी

कॅनव्हास नको, वजनाने झोळ पडतो. पाण्याला टिकणारा ९ मिलिमीटरचा प्लाय घ्या. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) स्वस्त मिळतो, पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या हवेत त्याच्या कडा फुगतात. जुन्या पाटाची फळी मिळाली तर फारच छान. पुढून-मागून आणि कडांनाही पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्या. एकाच बाजूने दिले तर फळी वाकते.

आता रंग. इथे जवळजवळ प्रत्येकजण नीलमण्यासारखा निळा समुद्र रंगवतो, आणि चित्र पर्यटनाच्या जाहिरातीसारखं होतं. आपल्या फोटोत बघा. आपला समुद्र बहुतेक दिवस राखाडी-हिरवा असतो, काठाजवळ मातकट, लांबवर शिशासारखा. ॲक्रिलिकच्या पाच नळ्या पुरतात: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), पांढरा आणि थोडा हिरवा. निळा आणि अंबर मिसळून पांढरा घातला की पावसाळी राखाडी मिळतो. त्यात चिमूटभर ऑकर आणि हिरवा टाकला की काठाचं पाणी. फळीचा वरचा एक तृतीयांश भागच पाण्याला द्या. बाकी सगळी वाळू. आपलं चित्र रेघेचं आहे.

फेसासाठी खडूची पूड फेव्हिकोलमध्ये मळून श्रीखंडाइतकी दाट करा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने पाणी-वाळूच्या सीमेवर ओढा. रेघ तुटक राहू द्या.

वाळू दोन थरांत लावायची. फेव्हिकोलमध्ये थोडं पाणी घालून रुंद ब्रशने फासा, त्यावर बारीक वाळू पेरा, तळहाताने हलके दाबा, एक रात्र जाऊ द्या, मग फळी उभी करून झटका. दुसऱ्या थरात काही ठिकाणीच जाड वाळू. पाण्यालगतचा तीन-चार बोटं रुंद पट्टा अंबरच्या पातळ रंगाने गडद करा. तिथे वाळू ओली दिसायला लागली की चित्रात ओहोटी आली समजा.

मांडणी

लगेच चिकटवू नका. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरा, फळीच्या मापाची चौकट आखा, शेजारी फोटो उघडून ठेवा आणि सगळं कोरडंच मांडा. आधी सर्वांत मोठी वस्तू, बहुधा लाकूड. तिला मधोमध ठेवू नका. मग दोराची कमान, कारण समुद्राने काढलेली रेघ हाताने आखण्यापेक्षा दोराने चांगली निघते. मग तिच्या आधाराने शिंपले. काही उताणे, काही पालथे, काही अर्धे वाळूत रुतलेले. पालथा शिंपला वेगळी सावली देतो, उताण्यात वाटीसारखी खोली दिसते. सगळ्यांची तोंडं एका दिशेला आली की ते दुकानातलं ताट वाटू लागतं. रंगीत वस्तू, म्हणजे निळा दोर, हिरवी काच किंवा लाल झाकण, तीनपेक्षा जास्त नकोत. मी स्वतः एकच ठेवते.

फळीचा निम्मा भाग रिकामा राहील असं बघा. हात शिवशिवतो, प्रत्येक सुंदर शिंपला लावावासा वाटतो. रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी पाच वस्तू काढून टाका. माझ्या अनुभवात त्या पाच वस्तू काढल्यावरच मांडणी जुळते.

जुळलं की वरून फोटो काढा, नाहीतर चिकटवायला उचलताना क्रम विसरतो.

चिकटवणं

फेव्हिकोल वाळू, काथ्या, सुरूची बोंडं, पातळ शिंपल्या यांना पुरतो, कारण त्यांना फळीवर पुरेसा स्पर्श मिळतो. जड शंख, काच, लाकूड यांना अराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद लागतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने शिंपल्याभोवती पांढरट धूर धरतो, तो टाळा. ग्लू गनही नको. गुळगुळीत कवचावरून तो गोंद एप्रिल-मेच्या उकाड्यात सुटतो.

पालथा शिंपला फळीला फक्त कडेने टेकतो, म्हणून तो सर्वांत आधी पडतो. त्याच्या पोटात एम-सीलचा गोळा भरा, कडेपेक्षा किंचित वर येईल इतका, आणि मग दाबून बसवा. एम-सीलच्या पुट्टीचे दोन्ही भाग सारखे घेऊन एकरंगी होईपर्यंत मळायचे, हातमोजे घालून. पातळ शिंपल्यांना फेव्हिकोलमध्ये बुडवलेला कापूस पुरतो. जिथे जड वस्तू बसणार तिथली वाळू आधी खरवडून प्लाय उघडा करा, नाहीतर गोंद वाळूला धरेल आणि वाळू सुटून येईल. चिकटवल्यावर बुडाशी चिमूटभर वाळू भुरभुरवा. गोंद झाकतो आणि वस्तू रुतल्यासारखी दिसते.

शिंपला घासायचा किंवा त्याला भोक पाडायचं असेल तर पाण्याचे थेंब टाकत करा आणि मास्क लावा. ती बारीक पूड फुप्फुसांना वाईट. नायलॉन दोराची टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करायची ती उघड्यावर.

फळी दोन दिवस आडवीच राहू द्या.

शेवटचे हात

वाळूवर मॅट वार्निश, पातळ, दोन हात. चकचकीत वार्निश वाळूवर लावलं की ती प्लास्टिकची वाटते. ओल्या शिंपल्याचा रंग इथे परत येतो: बारीक ब्रशने फक्त पाण्यालगतच्या शिंपल्यांना ग्लॉस वार्निश लावा. रंग लगेच उजळतात, आणि वरचे कोरडे शिंपले फिकेच राहिल्याने पाणी आत्ताच मागे गेल्यासारखं वाटतं. रेझिन (घट्ट होणारा पारदर्शक द्रव) ओतून पाणी करायचा प्रयोग पहिल्या चित्रात नको, पावसाळ्यात तर नकोच. दमट हवेत ते धुरकट होतं.

मागे वरच्या कडेपासून एक तृतीयांशावर दोन कड्या आणि तार. वजन बहुधा दोन किलोंच्या आत भरतं, पण भिंतीत प्लग ठोकूनच स्क्रू लावा. जिथे सरळ ऊन येतं ती भिंत नको. स्वयंपाकघरही नको, तिथली तेलकट धूळ वाळूतून निघत नाही. महिन्यातून एकदा मऊ, कोरड्या ब्रशने झाडा.

टांगण्याआधी फळीच्या पाठीवर पेन्सिलीने किनारा, तिथी आणि वेळ लिहा. माझ्या दिवाणखान्यातल्या चित्रामागे लिहिलं आहे: गुहागर, माघ कृष्ण तृतीया, सकाळी आठ, ओहोटी. मुलीने विचारलं तर आता प्रत्येक शिंपल्याची जागा सांगता येते.

उरलेले शिंपले, रंग-गोंद न लागलेले आणि स्वच्छ धुतलेले, वेगळ्या डब्यात ठेवा. पुढच्या खेपेला त्याच किनाऱ्यावर नेऊन रेघेत सोडून द्या. त्यातल्या एखाद्या शंखात खेकडा घर करेल.